दुसऱ्याच्या पावसाची नदी

एप्रिलची दुपार. वाघोलीत, नगर रस्त्यापासून थोडं आत, तुम्ही दगडखाणीच्या काठावर उभे आहात. खाली काळ्या बेसॉल्टचे थर उतरत गेलेत. क्रशरची भुकटी जिभेवर बसली आहे. मागच्या सोसायटीच्या गेटवर टँकर लागलाय, वॉचमन टाकीत पाइप सोडतोय. पाइपच्या सांध्यातून गळणारं पाणी डांबरावर पडतं आणि ओघळ धरायच्या आत वाळतं. त्या ओल्या डागाकडे बघत राहा. डाग आटत जातो, आणि त्याच्याबरोबर रस्ताही.

इमारती जातात. खाणीचा खड्डा भरून येतो, वर गुडघाभर गवत उभं राहतं. तुम्ही तीनशे वर्षं मागे आलात. मराठा सरदार पिलाजीराव जाधवांची वाघोली पलीकडे कुठेतरी असेल, तुमच्यापुढे मात्र नुसता माळ आहे. दोन पावलं टाकताच कुसळं पँटमध्ये घुसतात. हिवराच्या विरळ सावलीत चिंकारा उभा आहे. जवळपास पाणवठा नाही, पण त्याला घाई नाही. पाल्यातली ओल आणि पहाटेचं दव यांवर तो दिवसच्या दिवस काढतो. दूर गवतातून उंच मान वर येते. माळढोक. चार पावलं चालतो, थबकतो, पुन्हा चालतो. धनगराचं कुत्रं एकाएकी भुंकू लागतं आणि मेंढ्या एकमेकींना चिकटतात. लांडगा तुम्हाला दिसत नाही, त्यांना कळलाय.

आता आषाढ लागू द्या. पश्चिमेला सह्याद्रीवर काळोख दाटलाय. समुद्रावरून आलेला वारा घाट चढताना गारठतो, तिथेच रिता होतो आणि अलीकडे उतरताना तापून कोरडा पडतो. लोणावळ्याला वर्षाकाठी ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस, पुण्याला ७०० च्या आसपास, पुढे शिरूरकडे जेमतेम ५००. तुमच्या वाट्याला वारा आणि चार थेंब येतात. तरी वाघोलीच्या उत्तरेला भीमा गढूळ होऊन फुगली आहे आणि दक्षिणेला मुळा-मुठा. पाऊस पडला तो घाटात, तुमच्याकडे आली ती नदी. कोरड्या मुलखाचा सगळा संसार या उसनवारीवर.

ही उसनवारी कशी चालते ते बघायचं तर पूर्वेला, घोडनदीकाठी इनामगावला चला, इसवी सनापूर्वीच्या बाराव्या शतकात. चौकोनी, कुडाच्या भिंतींची घरं. एका घरात बाई जमीन सारवते आहे. एका कोपऱ्यात तिचा हात हळू होतो. त्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेले दोन कुंभ आहेत आणि आत तिचं मूल. बाहेर गडीमाणसं दगडमातीचा बांध नीट करताहेत. घोडनदीला पूर आला की पाणी चारीतून वळवायचं आणि सातूच्या पिकाला द्यायचं.

दोन-तीनशे वर्षं पुढे सरका. चौकोनी घरं गेली, त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या. शेती खालावली, शिकार वाढली. आणखी काही पिढ्यांनी, इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास, चुली विझतात. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून इथे अनेक हंगाम उत्खनन केलं. पाऊस कमी होत गेला म्हणून ही वस्ती खंगली, अशी मांडणी पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी केली.

याहून कोरडा काळ हवा? तर मागे जा, सुमारे २५,००० वर्षं, चाळीसगावजवळच्या पाटण्याला. उत्तरेत बर्फ साचलंय आणि मोसमी पाऊस मंदावलाय. माळावर धुळीचा लोट उठतो. आत पळताहेत ती शहामृगं. हो, महाराष्ट्रात. उन्हात बसलेला एकजण त्यांच्या अंड्याचं कवच पात्यानं कोरतोय. आडव्या रेघा, मधल्या पट्टीत फुल्या-फुल्या. शेजारी कवचाचेच मणी पडलेत. त्या कवचाचा तुकडा बोटांत धरून बघा, चिनीमातीसारखा लागतो. कलहारी वाळवंटातले सान लोक अशा अख्ख्या अंड्यांत पाणी भरून ठेवत. एका अंड्यात लिटरभर मावतं.

हॉर्न वाजतो. तुम्ही परत खाणीच्या काठावर.

टँकर रिकामा होत आलाय. २०२१ मध्ये वाघोली पुणे महापालिकेत आली. त्याच वर्षी पूर्व पुण्यासाठी भामा नदीवरच्या आसखेड धरणातून नळाने पाणी सुरू झालं, म्हणजे पुन्हा घाटातलाच पाऊस. माळ मात्र प्लॉटांत वाटला गेला. चिंकारा बघायला आता बारामती तालुक्यात, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात जावं लागतं. माळढोक तर राज्यातूनच जवळजवळ दिसेनासा झालाय. पाण्यावाचून निभावणाऱ्यांना आपण हुसकलं, आणि जिथे त्यांचं निभत होतं तिथे राहायला आलो ते पाण्याशिवाय दोन दिवस न काढणारे आपण.

तुम्ही खाली बघता. डांबरावरचा डाग पार वाळलाय. वॉचमनने गळक्या सांध्याखाली बादली सरकवली आहे. घोडनदीकाठच्या त्या बांधाचं कामही एवढंच होतं.