घरची बियर आणि सरकारचा कर

बियर म्हटली की आज आपल्या डोळ्यांपुढे कारखाना उभा राहतो. इंग्लंडात मात्र कित्येक शतके ती घरोघर, आणि बहुधा बायकांच्या हातून, तयार होत असे. कृती अवघड नव्हती. जव भिजवून मोड आणायचे, वाळवून भरडायचे, गरम पाण्यात मुरवून गोड रस काढायचा आणि निवल्यावर मागच्या खेपेचा फेस त्यात विरजणासारखा घालायचा. मटकीला मोड आणणाऱ्या आपल्या गृहिणींना यातले अर्धे तंत्र अवगतच आहे! हे जुने पेय लवकर आंबे. म्हणून ते थोडेथोडे, वारंवार करावे लागे.

पंधराव्या शतकात नेदरलंड्सच्या बाजूने हॉप नावाच्या वेलीची कडू फुले तिकडे रुळली. रसात ती उकळली की बियर टिकते. टिकली म्हणजे साठवता येते, दूर विकता येते. धंदा भांडवलवाल्यांकडे सरकला तो येथून.

उरलेले काम सरकारने केले. १६९७ पासून मोडांच्या जवावर, म्हणजे माल्टवर, कर बसला. विल्यम कॉबेटने १८२१-२२ मध्ये ‘कॉटेज इकॉनॉमी’ लिहिली, तिचा आरंभच घरच्या बियरने केला. करापायी मजुराने बियर सोडून चहा धरला, याचा त्याला मनस्वी संताप होता. चहाने माणूस दुबळा होतो हे त्याचे मत आपण चहाच्या घोटाबरोबरच गिळावे!

१८८० मध्ये ग्लॅडस्टनने माल्टवरील कर उठवला खरा. पण घरी बियर करणाऱ्यास परवाना सक्तीचा केला. तो १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी रद्द केला. तोवर आईकडून लेकीला मिळणारी ही विद्या बहुतेकांना पुस्तकांवरूनच शिकावी लागत होती.