ऑफिसच्या ग्रुपबरोबर बर्फातला ट्रेक : उंचीचा आजार वेळीच कसा ओळखाल?

दिवाळी झाली की आमच्या वसई-विरार भागात ट्रेकच्या फिटनेस सर्टिफिकेटसाठी लोक दवाखान्यात येऊ लागतात. बहुतेक जण ऑफिसच्या ग्रुपबरोबर उत्तराखंडमधल्या केदारकंठ्याला निघालेले असतात. वय तिशी-चाळिशीचे, जीवदानीच्या पायऱ्या न थांबता चढणारे. "डॉक्टर, मी फिट आहे ना?" असे ते विचारतात. दम टिकण्याच्या दृष्टीने तुम्ही फिट असालही. पण उंचीचा आजार फिटनेस बघून होत नाही. धडधाकट माणूस भराभर वर चढतो, त्यामुळे त्यालाही तो गाठतो.

उंचीवर शरीरात काय होते?

हवेत ऑक्सिजन सगळीकडे सुमारे २१ टक्केच असतो. वर जाल तसा हवेचा दाब घटतो आणि प्रत्येक श्वासातून मिळणारा ऑक्सिजन कमी होतो. केदारकंठ्याच्या माथ्यावर, म्हणजे सुमारे १२,५०० फुटांवर, हा दाब समुद्रसपाटीच्या ६३ टक्क्यांच्या आसपास असतो. शरीर याला जुळवून घेते, पण त्यासाठी काही दिवस लागतात.

त्रास साधारण ८,००० फुटांच्या वर सुरू होतो. आपले कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे सह्याद्रीत कितीही भटकलात तरी पाय तयार होतील, उंचीची सवय होणार नाही. सांक्री गावातून चढाई सुरू करणारे ग्रुप दोन-तीन दिवसांत ११,००० फुटांच्या वर मुक्कामाला पोहोचतात. समुद्राकाठी राहणाऱ्या शरीरासाठी हा वेग जास्तच आहे. चालवणाऱ्या संस्थेला मधे एक जादा मुक्काम आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

लक्षणे

डोके दुखणे हे पहिले लक्षण. त्यासोबत मळमळ, भूक न लागणे, चक्कर, थकवा. वर पोहोचल्यावर साधारण ६ ते १२ तासांत हे सुरू होते. उंचीवर डोके दुखू लागले, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचा आजार समजा. 'ॲसिडिटी असेल', 'झोप झाली नाही' म्हणून सोडून देऊ नका.

ऑफिसच्या ग्रुपमध्ये नेमके हेच घडते. टीम लीडरसमोर कमजोर दिसायचे नसते, परतीची तिकिटे ठरलेली असतात, एकामुळे सगळ्यांचा माथा हुकेल असे वाटते. मग माणूस गुपचूप गोळी घेऊन चालत राहतो. म्हणून निघण्यापूर्वीच ठरवा : रोज संध्याकाळी प्रत्येकाने डोके, भूक आणि झोप यांबद्दल खरे सांगायचे, आणि खाली उतरणाऱ्याबरोबर कोण जाईल हेही आधीच पक्के करायचे. त्याला एकट्याला कधीच पाठवू नका.

सौम्य त्रासात त्याच उंचीवर विश्रांती घ्या. डोकेदुखीवर पॅरासिटामॉल चालेल, पण त्रास पूर्ण जाईपर्यंत वर चढू नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा, दोन्हींनी श्वास मंदावतो.

ताबडतोब खाली केव्हा उतरवावे?

बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला वाढत असेल, छातीत घरघर किंवा गुलाबी फेसाळ थुंकी असेल, तर फुप्फुसात पाणी साचत आहे. माणूस असंबद्ध बोलत असेल, झोकांड्या देत असेल, तर मेंदूला सूज येत आहे. शंका आली तर त्याला टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालायला सांगा. जमले नाही, तर सकाळची वाट पाहू नका. ऑक्सिजन असेल तर लावा, पण त्यावर विसंबून थांबू नका. निदान १,००० ते ३,००० फूट खाली उतरवा आणि रुग्णालय गाठा. दोन्ही अवस्थांत काही तासांत जीव जाऊ शकतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा बरा दिसला म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करू नका. थंड बोटांवर तो आकडा फसवा असतो.

जाण्यापूर्वी डॉक्टरांना काय सांगाल?

पूर्वी उंचीवर त्रास झाला असेल तर नक्की सांगा. ॲसिटाझोलामाइड ही गोळी प्रतिबंधासाठी देतात. ती चढाईच्या आदल्या दिवसापासून सुरू होते. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, हे अपेक्षित आहे. सल्फा औषधांची ॲलर्जी, किडनीचा आजार किंवा गर्भधारणा असेल तर ती मित्राच्या सल्ल्याने घेऊ नका. हृदयविकार, दमा, रक्तक्षय असलेल्यांनी महिनाभर आधी तपासून घ्यावे. मधुमेहींनी इन्सुलिन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवावे. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वापरू नये.

बर्फाने बोटे बधिर, पांढरी पडली तर ती चोळू नका, शेकोटीवर धरू नका. पुन्हा गोठण्याचा धोका नसेल तेव्हाच कोमट पाण्यात ठेवा. घरी आल्यावर बोटांवर फोड किंवा काळेपणा दिसला, किंवा धाप टिकून राहिली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.