चेंडू, काठी आणि देह : गोल्फच्या इतिहासातील एक जुना वाद

मराठी वाचकाची गोल्फशी पहिली भेट बहुधा मैदानावर होत नाही; ती पी. जी. वुडहाऊस यांच्या कथांत होते. त्यांच्या १९२२ सालच्या गोल्फकथासंग्रहातील पहिल्याच कथेत एका उपनगरातील साहित्यमंडळ आणि गोल्फचे मैदान यांची गाठ घालून दिलेली आहे, आणि मंडळाने मोठ्या भक्तिभावाने बोलावलेला रशियन कादंबरीकार साहित्यचर्चेपेक्षा गोल्फवर अधिक प्रेम करणारा निघतो. साहित्याच्या अभ्यासकांसमोर गोल्फविषयी लिहिण्यास आम्हांस एवढा आधार पुरेसा वाटतो. त्याहून महत्त्वाचे कारण असे की, समीक्षेत आशय आणि अभिव्यक्ती यांच्या संबंधाविषयी जो वाद आपण पिढ्यान्‌पिढ्या घालत आलो, त्याच्याशी नाते सांगणारा एक वाद या खेळात पावणेदोनशे वर्षे चालू आहे. खेळ सुधारतो तो देह कमावल्याने की साधने बदलल्याने? खेळाडूचे कौशल्य नेमके कोठे वसते, हातात की हातातल्या वस्तूत?

गोल्फची काठी इंग्रजीत ‘क्लब’ म्हणून ओळखली जाते. खेळाच्या संस्थेशी घोटाळा होऊ नये म्हणून आम्ही येथे ‘काठी’ हाच शब्द योजणार आहोत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडमध्ये जो चेंडू वापरीत, तो पिसांचा असे. चामड्याच्या लहानशा पिशवीत उकळून ओली केलेली हंसाची पिसे लोखंडी सळईने ठासून भरायची, तोंड शिवून टाकायचे, आणि चेंडू वाळू द्यायचा. वाळताना पिसे फुगत, चामडे आकसे, आणि त्या दोन विरुद्ध ताणांतून चेंडूला कठीणपणा येई. कुशल कारागिराच्या हातूनही दिवसाकाठी तीन-चारच चेंडू होत. सळई छातीने रेटावी लागे. पिसांची धूळ श्वासावाटे आत जाई. म्हणजे ज्याला खेळायचे त्याच्या देहाआधी, ज्याने चेंडू घडवला त्याचा देह या खेळात खर्ची पडत होता. चेंडू महाग होता, ओला झाला की जड होई, आणि लोखंडी काठीचा घाव वर्मी बसला की फाटे. म्हणून काठ्या प्रामुख्याने लाकडी, लांबट डोक्याच्या असत, आणि फटका मारण्याची रीत सपाट, झाडूने लोटल्यासारखी होती. साधनाने देहाला वळण लावल्याचे हे पहिले उदाहरण.

१८४८ च्या सुमारास गट्टापर्चाचा चेंडू आला. गट्टापर्चा म्हणजे मलाया द्वीपकल्पातील एका वृक्षाचा चीक. गरम पाण्यात तो मऊ होतो, थंड झाला की घट्ट. मलायी लोक त्याच्या कोयत्यांच्या मुठी करीत. सिंगापूर येथील शल्यवैद्य विल्यम माँटगोमेरी यांनी १८४० नंतरच्या काही वर्षांत त्याचे नमुने युरोपात पोहोचवले. सेंट अँड्र्यूज येथे एक आख्यायिका सांगतात : पूर्वेकडून आलेल्या विष्णुमूर्तीच्या पेटीत आवेष्टन म्हणून हा पदार्थ भरलेला होता, आणि त्यातूनच पहिला चेंडू वळला गेला. आख्यायिकेला आम्ही इतिहास मानीत नाही. परंतु चेंडूचा कच्चा माल आशियातून आला, ही गोष्ट निर्विवाद आहे. समुद्रतळाशी टाकलेल्या तारायंत्राच्या तारांवरही हेच आवरण असे. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई ते एडन तार टाकली, तीही गट्टापर्चाने मढवलेलीच होती. चीक मिळवण्यासाठी झाड उभेच्या उभे तोडले जाई; शतक सरता सरता सिंगापूर आणि आसपासची रानेच्या राने या वृक्षावाचून ओकीबोकी झाली.

या चेंडूने दोन मित्रांत वितुष्ट आणले. ॲलन रॉबर्टसन हे सेंट अँड्र्यूजचे अग्रगण्य खेळाडू आणि पिसांच्या चेंडूंचे नामांकित कारागीर. टॉम मॉरिस हे त्यांच्या हाताखाली तयार झालेले. नव्या चेंडूने आपला धंदा बुडणार हे रॉबर्टसन यांनी ओळखले होते. मॉरिस एकदा तोच चेंडू खेळताना दिसले, दोघांत खटका उडाला, आणि मॉरिस वेगळे झाले. १८५१ साली ते प्रेस्टविक येथे गेले. रॉबर्टसन यांचा विरोध कारागिराच्या पोटाचा होता, केवळ परंपरेच्या अभिमानाचा नव्हता, हे विसरून चालणार नाही. परंतु पुढे त्यांनाही गट्टापर्चाच पत्करावा लागला. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर ऐंशीच्या आत फेरी पूर्ण करणारे पहिले खेळाडू तेच ठरले, १८५८ साली, ७९ फटक्यांत. पुढच्याच वर्षी ते वारले.

स्वस्त चेंडूमुळे खेळ साध्या माणसाच्या आवाक्यात आला. त्याचबरोबर काठीही बदलली. कठीण चेंडूवर लांबट डोक्याच्या काठ्या तुटू लागल्या. डोकी आखूड आणि दणकट झाली, लोखंडी काठ्या वाढल्या, दांड्यासाठी अमेरिकेतले हिकरीचे लाकूड आले. गुळगुळीत चेंडू हवेत नीट तरंगत नाही, मार खाऊन खरवडलेला चेंडू मात्र दूर जातो, हे खेळाडूंनी अनुभवाने हेरले. मग कारागीर नव्या चेंडूवर मुद्दाम हातोडीने खाचा पाडू लागले. आजच्या चेंडूवरील खळग्यांचे मूळ या निरीक्षणात आहे.

१८९८ साली अमेरिकेत कोबर्न हॅस्केल यांनी रबराचा धागा ताणून गुंडाळलेला चेंडू काढला. हा चेंडू दुबळ्या फटक्यालाही लांब पल्ला देतो, तेव्हा तो कौशल्याचा अपमान आहे, अशी ओरड झाली. १९०२ साली हॉयलेक येथील ओपन स्पर्धेत सँडी हर्ड यांनी तोच चेंडू घेऊन हॅरी वार्डन आणि जेम्स ब्रेड यांना एका फटक्याने मागे टाकले, आणि ओरडणाऱ्यांनीही तो विकत घेतला. गोल्फच्या इतिहासात नव्या साधनाची वाटचाल बहुधा अशीच झाली आहे : आधी धिक्कार, मग एक विजय, मग सार्वत्रिक स्वीकार.

दांड्याची कथा याहून सूक्ष्म आहे. हिकरीचा दांडा वाकतो तसा पिळवटतोही. फटक्याच्या क्षणी काठीचे तोंड सरळ यावे म्हणून मनगटांची लय फार नेमकी राखावी लागे. अंगातली सगळी ताकद ओतणाऱ्याचा चेंडू भरकटे. बॉबी जोन्स यांनी १९३० साली एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या त्या हिकरीवरच. पोलादी दांड्याला अमेरिकेत १९२० च्या दशकात आणि ब्रिटनमध्ये १९२९ साली मान्यता मिळाली, आणि मनगटाचा खेळ पाय, कंबर व पाठ यांचा झाला. पोलाद पिळवटत नसल्याने शरीर निःशंकपणे वळवता येऊ लागले. बायरन नेल्सन यांनी पायांच्या जोरावर उभारलेली शैली ही या दांड्याची देणगी होती. १९४५ साली त्यांनी सलग अकरा स्पर्धा जिंकल्या. सारांश, व्यायामाची गरज खेळाडूला आपोआप सुचली नाही. ती दांड्याने निर्माण केली.

तरीही व्यायामाला मान्यता मिळण्यास आणखी बराच काळ लागला. वजने उचलली की स्नायू आखडतात आणि हाताची नजाकत जाते, अशी गोल्फजगताची पक्की समजूत होती. फ्रँक स्ट्रॅनहन हे खेळाडू वजने बरोबर घेऊन दौऱ्यावर जात. त्यांनी १९४८ आणि १९५० साली ब्रिटिश ॲमेच्युअर स्पर्धा जिंकली, तरी लोक त्यांच्याकडे विक्षिप्त म्हणूनच पाहत. त्यांचा कित्ता गिरवला दक्षिण आफ्रिकेच्या गॅरी प्लेअर यांनी. ठेंगण्या बांध्याच्या या खेळाडूने देह कमावणे हे आयुष्यभराचे व्रत केले. १९६५ साली अमेरिकन ओपन जिंकून त्यांनी चारही मोठ्या स्पर्धांचे वर्तुळ पूर्ण केले, तेव्हा त्यांच्या हातात फायबरग्लासच्या दांड्यांच्या काठ्या होत्या. कसलेला देह आणि नवे साधन यांचा असा संगम त्यापूर्वी क्वचितच दिसला असेल. १९७८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी पुन्हा मास्टर्स जिंकली आणि स्नायू आखडण्याची समजूत निकालात निघाली.

पुढची कथा परिचित आहे. १९९७ साली टायगर वुड्स यांनी मास्टर्स बारा फटक्यांच्या फरकाने जिंकली, आणि व्यायामशाळा हा गोल्फपटूच्या दिनक्रमाचा भाग झाला. परंतु देहाचाही हिशेब असतो. २००८ ची अमेरिकन ओपन वुड्स यांनी डाव्या पायाचे हाड तडकलेले असताना जिंकली. २०१७ साली त्यांच्या पाठीचे मणके शस्त्रक्रियेने जोडावे लागले. आणि त्यानंतर २०१९ साली त्यांनी पुन्हा मास्टर्स जिंकली. इकडे नियामक संस्था साधनांना वेसण घालीतच होत्या. १९३८-३९ मध्ये काठ्यांची संख्या चौदावर आणली गेली, पुढे काठीच्या डोक्याचे आकारमान ४६० घनसेंटिमीटरपर्यंत मर्यादित झाले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये चेंडूच्या पल्ल्याची चाचणी अधिक कडक करण्याचा निर्णय जाहीर झाला : काठीचा चाचणीतील वेग ताशी १२० मैलांवरून १२५ मैल, पल्ल्याची मर्यादा मात्र जवळपास तीच. म्हणजे देह बलवान झाला म्हणून चेंडूला दुबळे करण्याची वेळ आली.

सामान्य खेळाडूने यातून काय घ्यावे? एवढेच की साधन आणि देह यांची निवड वेगवेगळी करता येत नाही. ज्याचा फटका संथ आहे त्याने विजेत्याच्या हातातला ताठ दांडा घेतला, तर तो दांडा वाकतच नाही आणि चेंडू उंची धरत नाही. त्याला लवचीक दांडा आणि अधिक कलते तोंडच साथ देते. आणि ज्याची कंबर वळत नाही, त्याने कितीही महाग काठी घेतली तरी वळणाचा भार पाठीच्या खालच्या भागावर पडतो. काठी अंगाला मापून घ्यावी आणि अंग काठीच्या कामाला जोगे करावे, हे दोन्ही एकाच विद्येचे भाग आहेत. आशय आणि अभिव्यक्ती यांविषयी आपण अखेर ज्या निष्कर्षाशी येतो, त्याहून हा फार निराळा नाही.

येथेच लेख संपवता आला असता. परंतु ज्या १९६५ सालाचा उल्लेख वर आला, त्याच वर्षी दरबान येथील नाताळ ओपन स्पर्धेत गॅरी प्लेअर यांना एका माणसाने हरवले होते. त्याचे नाव सेवसंकर सेवगोलम; लोक त्याला ‘पापवा’ म्हणत. भारतीय वंशाचा, गरीब घरातला, गोऱ्यांच्या मैदानावर इतरांच्या काठ्यांची पिशवी वाहून वाढलेला हा खेळाडू. त्याची पकड शास्त्राप्रमाणे सर्वस्वी चुकीची होती : उजव्या हाताने खेळणाऱ्याने उजवा हात खाली धरायचा, तर त्याचा डावा हात खाली असे. कोणी शिकवलेच नव्हते. याच उलट्या पकडीने त्याने १९५९, १९६० आणि १९६४ साली डच ओपन जिंकली.

१९६३ साली त्याने पहिल्यांदा नाताळ ओपन जिंकली, तेव्हा पाऊस पडत होता. वर्णभेदाच्या कायद्यामुळे त्याला क्लबाच्या इमारतीत पाऊल टाकता येत नव्हते. गोरे खेळाडू आत होते. विजेत्याने करंडक बाहेर, पावसात स्वीकारला. ते छायाचित्र जगभर गेले. पुढे त्याला गोऱ्यांच्या स्पर्धांतून वगळण्यात आले, त्याचे पारपत्र काढून घेण्यात आले, आणि १९७८ साली तो विपन्नावस्थेत वारला. त्याच वर्षी प्लेअर यांनी आपली शेवटची मास्टर्स जिंकली होती.

देह की साधन, हा वाद घालताना आम्ही नेहमी असे गृहीत धरतो की मैदानाचे दार सर्वांना उघडे आहे. पापवाच्या हातांनी देहशास्त्राला उत्तर दिले होते, मामुली काठ्यांनी महागड्या काठ्यांना उत्तर दिले होते. दाराला उत्तर देणे मात्र त्याच्या हातांत नव्हते. गोल्फच्या इतिहासात चेंडूच्या पल्ल्याची मोजदाद गजागजाने झाली आहे. त्या दारापासून पावसात उभ्या असलेल्या विजेत्यापर्यंतचे अंतर मोजल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही.