दिल्ली कॅपिटल्स : नाव बदलले, मालक दोन झाले

नवी दिल्ली : इंडियन प्रीमियर लीगच्या २००८ मधील पहिल्या हंगामापासून खेळणाऱ्या दिल्लीच्या संघाचे नाव, मालकी आणि पोशाख हे तिन्ही बदलले. २०२५ च्या हंगामापर्यंत विजेतेपद मात्र त्याच्या वाट्याला आले नव्हते.

जीएमआर समूहाने ८ कोटी ४० लाख डॉलर मोजून हा संघ घेतला आणि त्याचे नाव ‘दिल्ली डेअरडेव्हिल्स’ ठेवले. वीरेंद्र सेहवाग पहिला कर्णधार होता. पहिल्या दोन्ही हंगामांत संघाने उपांत्य फेरी गाठली. २००९ आणि २०१२ मध्ये साखळी फेरीत तो अव्वल ठरला. त्यानंतर घसरण झाली. २०१३, २०१४ आणि २०१८ मध्ये संघ तळाला राहिला.

मार्च २०१८ मध्ये जेएसडब्ल्यू समूहाने ५५० कोटी रुपयांना निम्मी मालकी घेतली. त्याच वर्षी ४ डिसेंबरला ‘दिल्ली कॅपिटल्स’ हे नाव जाहीर झाले. दिल्ली देशाचे सत्ताकेंद्र आहे, म्हणून हे नाव, अशी मालकांची भूमिका होती. नवे बोधचिन्ह आले आणि लाल छटा असलेला निळा पोशाख संघाची ओळख बनला. पाठोपाठ यशही मिळाले. श्रेयस अय्यरच्या नेतृत्वाखाली संघ २०१९ मध्ये तिसरा आला, तर २०२० मध्ये दुबईतील अंतिम सामन्यात मुंबई इंडियन्सकडून पराभूत झाला. तथापि याचे श्रेय नामांतरापेक्षा अय्यर, ऋषभ पंत यांसारख्या तरुणांना देणे अधिक योग्य. ते डेअरडेव्हिल्सच्या काळातच संघात आले होते.

या संघाची खरी विशेषता त्याच्या कारभारात आहे. दोन्ही समूहांचा वाटा समान असून ते आळीपाळीने सूत्रे सांभाळतात. २०२५ आणि २०२६ साठी पुरुष संघ जीएमआरकडे, तर ८१० कोटी रुपयांच्या बोलीने मिळवलेला महिला संघ जेएसडब्ल्यूकडे सोपवण्यात आला. महिला संघ २०२३, २०२४ आणि २०२५ अशा सलग तीन अंतिम सामन्यांत हरला.

२०१९ मध्ये फिरोजशाह कोटला स्टेडियमलाही अरुण जेटली यांचे नाव देण्यात आले. संघाने शहर मात्र सोडले नाही. त्याच वर्षी ‘दिल्ली डायनामोज’ हा फुटबॉल संघ भुवनेश्वरला जाऊन ‘ओडिशा एफसी’ झाला आणि त्याच्या दिल्लीतील चाहत्यांना संघच उरला नाही.