घरचे लोखंडकाम: नेहमीच्या चुका, त्यांची किंमत आणि कामाची यंत्रे

परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड. कोणत्याही गावात मोंढ्याकडच्या रस्त्याने चालत जा, वेल्डिंगचे दुकान लागतेच. त्यातली बरीच दुकाने आपल्या समाजातले कारीगर चालवतात. पूर्वी हे काम दुकानातच व्हायचे, कारण जुने ट्रान्सफॉर्मर मशीन हलवायचे तर दोन माणसे लागत. आता इन्व्हर्टर मशीन खांद्याला अडकवून नेता येते. त्यामुळे काम अंगणात आले. घराचे गेट, खिडकीची जाळी, गच्चीवरचे शेड, मशिदीच्या वजूखान्याची रेलिंग, कब्रस्तानाचे फाटक, सगळे जागेवरच बनते.

सोय झाली, यात शंका नाही. पण दुकानात मागे उस्ताद उभा असतो. शागिर्दाने ग्राइंडरचा गार्ड काढला की तो ओरडतो, माप चुकले की कापण्याआधी हात धरतो. घरी हात धरणारे कोणी नसते. व्हिडिओ बघून काम शिकता येते, पण व्हिडिओला आपली चूक दिसत नाही. म्हणून उस्ताद जे सांगेल ते इथे एका जागी दिले आहे.

पहिली चूक: मापाची

कुरआनात सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अलै.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख येतो, आणि त्याच ठिकाणी चिलखताच्या कड्यांचे माप नीट राखण्याची ताकीदही येते. लोखंड मऊ झाले तरी मापाची जबाबदारी कारीगराचीच राहिली.

घरच्या कामात माप तीन ठिकाणी चुकते.

एक, कापणीचा घास. १४ इंची कटिंग मशीनची चकती प्रत्येक कापाला साधारण ३ मिमी लोखंड खाते. एका पाइपाचे दहा तुकडे करायचे तर ३ सेंमी तिथेच जातात. सगळ्या खुणा एकदम मारून ठेवल्या तर शेवटचा तुकडा आखूड निघतो. एक तुकडा कापा, मग पुढचे माप घ्या.

दोन, काटकोन. चौकट जोडताना गुण्या लावून भागत नाही. दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तरच चौकट सरळ आहे. मोठ्या गेटसाठी ९०, १२० आणि १५० सेंमीचा त्रिकोण जुळवा. ९० आणि १२० च्या बाजूंमधला तिरका १५० आला की कोपरा काटकोनात बसला.

तीन, गेटची फट. उन्हाळ्यात गेट अडकले की लोक म्हणतात, उन्हाने लोखंड वाढलं. हिशोब करून पाहा. ३ मीटर लांबीचे लोखंड तापमानात ५० अंशांचा फरक पडला तरी २ मिमीपेक्षा कमी वाढते. खरा दोष बहुतेक वेळा खांबाखालच्या काळ्या मातीचा असतो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून आकसते, आणि खांब हलतो. खांबाचा पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्या. गेटच्या बाजूला ८ ते १० मिमी आणि खाली किमान ५ सेंमी फट ठेवा. तिरका टेका खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून वरच्या कडीच्या कोपऱ्याकडे द्या, म्हणजे गेट लोंबत नाही.

दुसरी चूक: माल न तोलता घेणे

गोल सळईचे वजन काढायची रीत सोपी आहे. व्यास मिमीमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि १६२ ने भागा. एका मीटरचे किलो मिळतात. १२ मिमी सळई मीटरला सुमारे ०.८९ किलो भरते.

चौकोनी पाइपात फसगत जास्त होते. एक इंची (२५ मिमी) चौकोनी पाइप १६ गेजचा, म्हणजे १.६ मिमी जाडीचा असेल, तर ६ मीटरची लांबी ७ किलोच्या आसपास भरते. तोच १८ गेजचा, म्हणजे १.२ मिमीचा असेल, तर साडेपाच किलोच्या आत राहतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. फरक काट्यावर कळतो, नाहीतर वेल्डिंग करताना भोक पडले की कळतो. गेज तोंडी विचारू नका, तोलून घ्या.

तिसरी चूक: चिकटवले म्हणजे जोडले

घरच्या साध्या कामाला ६०१३ क्रमांकाचा रॉड चालतो. १६ गेजच्या पाइपाला २.५ मिमीचा रॉड, ज्याला बाजारात १२ नंबर म्हणतात, आणि ६० ते ८० अँपिअर करंट पुरतो. ३.१५ मिमीचा १० नंबर रॉड जाड अँगल आणि पट्टीसाठी आहे, त्याला ९० ते १३० अँपिअर लागतात. पातळ पाइपावर १० नंबर लावला की भोक पडते. भोकाच्या भीतीने करंट खूप कमी केला की माल वरच्यावर बसतो, आत जातच नाही. जोड चांगला दिसतो, पण जोर पडला की उकलतो.

स्वतःचा हात तपासायचा एक बिनखर्ची उपाय आहे. भंगारातल्या दोन पट्ट्या टी आकारात एकाच बाजूने जोडा, पकडीत धरा आणि हातोडीने जोडाच्या दिशेला वाकवून तोडा. आत काळे डाग आणि पोकळी दिसली तर अजून सराव हवा. हे पाच वेळा केल्याशिवाय जिन्याच्या रेलिंगला हात लावू नका. रेलिंगवर लहान मूल टेकते, म्हातारं माणूस भार देतं.

आणखी तीन गोष्टी नेहमी राहून जातात. रंग, गंज आणि तेल न घासता केलेला जोड फुसका होतो. पावसाळ्यात ओल धरलेले रॉड तडतडतात आणि जोडात छिद्रे पडतात. त्यामुळे रॉड हवाबंद डब्यात ठेवावेत. आणि एका बाजूने सलग वेल्डिंग ओढत नेली तर चौकट ओढली जाते. आधी चारही कोपऱ्यांना टाके मारा, कर्ण पुन्हा मोजा, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांवर थोडे थोडे काम करा.

जोड देखणा दिसावा म्हणून ग्राइंडरने पार सपाट करणे हीही चूकच. पातळ पाइपावर सपाटीच्या नादात जोडाचा मालच निघून जातो, शिवाय पाइपही झिजतो.

चौथी चूक: विजेशी खेळ

२०० अँपिअरचे इन्व्हर्टर मशीन पूर्ण ताकदीवर ३० अँपिअरच्या आसपास करंट ओढू शकते. घरातला १५ अँपिअरचा सॉकेट त्यासाठी नाही. बारीक एक्स्टेंशन वायर गुंडाळी न सोडता वापरली तर ती आतल्या आत तापून वितळते. आकडा टाकून मशीन चालवणे कायद्याने गुन्हा आहेच, पण तिथे अर्थिंग नसते आणि फ्यूजचा भरवसा नसतो, म्हणून ते जिवावरही बेतते.

न्यूट्रललाच अर्थिंग समजून जोडणे ही गावाकडची जुनी सवय. न्यूट्रल कुठे तुटला तर मशीनची बॉडीच जिवंत होते. वेगळी अर्थिंग करा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करा.

होल्डरवर काम सुरू नसतानाही ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते जाणवत नाहीत. घामाने भिजलेला सदरा, ओले अंगण आणि अनवाणी पाय असतील तर तेवढे पुरेसे आहेत. ट्रॅक्टर किंवा गाडीवर वेल्डिंग करायची असेल तर आधी बॅटरीची वायर काढा आणि अर्थिंगचा क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावा.

पाचवी चूक: डोळे आणि फुप्फुसे

‘एवढ्याशा टाक्याला काय काच घ्यायची?’ हे वाक्य प्रत्येक वेल्डरच्या तोंडी कधी ना कधी येते. त्याचा हिशोब रात्री होतो. सहा ते बारा तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, पाणी थांबत नाही, उजेड सहन होत नाही. कारण आहे अतिनील किरण. उन्हाचा काळा चष्मा इथे उपयोगाचा नाही. १०० ते १५० अँपिअरच्या कामाला १० किंवा ११ नंबरची वेल्डिंग काच लागते. काच हातात धरायच्या ढालीपेक्षा डोक्यावरचे हेल्मेट बरे, दोन्ही हात मोकळे राहतात. शेजारी पट्टी धरून उभ्या असलेल्या हेल्परला आणि कौतुकाने बघणाऱ्या मुलांनाही हीच इजा होते.

डोळ्याला आर्क लागलीच तर बटाट्याच्या चकत्या, दूध असले काही घालू नका, जंतुसंसर्ग होऊ शकतो. बधिर करणारे थेंब मेडिकलमधून आणून पुन्हा पुन्हा टाकणे तर त्याहून वाईट, त्याने बुबुळाची जखम भरत नाही. थंड पट्टी ठेवा, डोळे चोळू नका, डॉक्टरांना दाखवा.

दुसरा धोका जीआय पाइपाचा. त्यावर जस्ताचा थर असतो. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि वेल्डिंगचे तापमान त्याच्या कितीतरी वर असते. पांढरा धूर उठतो. काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते, तोंडाला धातूची चव येते. बहुतेकदा एक-दोन दिवसांत उतरते, पण श्वास जड वाटला तर थांबू नये, दवाखाना गाठावा. दूध प्यायले की जस्त उतरते, असे कारीगरांत सांगतात. धूर फुप्फुसात गेलेला असतो आणि दूध पोटात जाते. जोडाच्या दोन्ही बाजूंचा थर आधी घासून काढा, मोकळ्या हवेत काम करा आणि वाऱ्याकडे पाठ न करता वारा एका बाजूने येईल असे बसा.

तिसरा धोका सर्वांत मोठा. पेट्रोल, डिझेल किंवा रसायनाची रिकामी टाकी वा ड्रम घरी कधीच जोडू किंवा कापू नका. रिकाम्या टाकीत वाफ उरलेली असते आणि भरलेल्या टाकीपेक्षा ती जास्त धोक्याची. ‘धुऊन घेतली आहे’ या भरवशावर जाऊ नका.

सहावी चूक: पत्र्यावर दगड

आपल्याकडे शेडचे पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवतात. अवकाळीचा वारा पत्र्याच्या खालून शिरतो, पत्रा वर उचलतो आणि तोच दगड खाली झोपलेल्या माणसावर येतो. पत्रा जे-बोल्टने किंवा वॉशरच्या स्क्रूने पाइपाला आवळा. कडेच्या ओळीत बोल्ट जवळजवळ घ्या, कारण वाऱ्याची ओढ कडेलाच जास्त असते. शेडचे खांबही नुसते फरशीवर टेकवू नका, काँक्रीटमध्ये पुरा.

कोणती यंत्रे आधी घ्यावीत?

ग्राइंडर (४ इंची): सगळ्यांचे आवडते आणि सगळ्यांत जास्त जखमा करणारे. मिनिटाला सुमारे ११,००० फेरे म्हणजे चकतीची कड ताशी २०० किमीपेक्षा जास्त वेगाने फिरते. चकतीवर बहुधा ८० मीटर प्रतिसेकंद ही मर्यादा छापलेली असते. गार्ड काढून त्यावर ७ इंची चकती चढवली तर वेग १०० च्या पुढे जातो आणि चकती फुटते. लाकडाचे दातेरी पातेही लावू नका. चकतीची मुदत संपण्याची तारीख मधल्या धातूच्या कड्यावर पाहा. कापायची चकती आडवी धरून घासायला वापरू नका.

इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन: घरकामाला २०० अँपिअरचे पुष्कळ झाले. त्याहून मोठे घेण्यापेक्षा उरलेल्या पैशात चांगले हेल्मेट आणि चामड्याचे हातमोजे घ्या.

ड्रिल मशीन: १३ मिमी चकचे, वेग कमी-जास्त करता येणारे. लोखंडाला वेग कमी ठेवा आणि तेलाचा थेंब द्या. पट्टी पायाखाली धरू नका, क्लॅम्पने आवळा. इथे मात्र हातमोजे घालू नका, बिट मोजा ओढते आणि मोज्याबरोबर बोटही जाते.

१४ इंची कटिंग मशीन: काम रोजचे असेल तरच घ्या. महिन्यातून एखादे काम असेल तर माल दुकानातून कापून आणलेला स्वस्त पडतो.

यंत्र नसलेली यंत्रे: गुण्या, टेप, पाणसळ, चार क्लॅम्प आणि चुंबकी कोन. पहिले पैसे यांच्यावरच घाला.

कपड्यांचेही सांगायला हवे. लुंगी, सैल बाह्यांचा कुर्ता, गळ्यात रुमाल अशा वेशात ग्राइंडर हातात घेऊ नका. टेरीकॉट ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. सुती पँट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि बूट घाला. रमजानमध्ये रोजा असेल तर वेल्डिंगचे काम सकाळच्या गारव्यात उरका. दुपारच्या उन्हात पाण्याविना चक्कर आली तर हातात फिरती चकती असते.

शिकायचे कुठे?

आयटीआयचा वेल्डर हा एक वर्षाचा कोर्स आठवी उत्तीर्ण मुलालाही करता येतो. दुकानात चार वर्षे काढलेल्या मुलालाही तो उपयोगी आहे, कारण कंपनीत आणि परदेशात आधी कागद विचारतात. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि त्यांत लोहारकाम येते. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज अशी सोय आहे. वेल्डिंग हा व्यवसाय त्या नावाने यादीत नाही, म्हणून आपले काम त्यात बसते का हे सीएससी केंद्रात विचारूनच अर्ज करा.

काम संपल्यावर

मशीन बंद केले म्हणजे काम संपले असे नाही. ठिणगी दहा मीटरपर्यंत जाते. आपल्याकडे घरात कापूस भरलेला असतो, अंगणात कडबा रचलेला असतो. कापसात गेलेली ठिणगी तासभर आतल्या आत धुमसते आणि सगळे जेवायला बसले की पेट घेते. काम सुरू करण्याआधी पाण्याची बादली आणि वाळू जवळ ठेवा. काम आटोपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, कोपरे बघा, कडब्याला हात लावून बघा. मगच मशीन उचला.