खेळाच्या दारावरील पाटी

संगणकावरचा किंवा फोनवरचा एखादा खेळ सुरू केला, की तो लगेच समोर येत नाही. आधी पडदा काळा होतो. मग एकामागून एक नावे आणि चिन्हे उमटतात, दोनतीन सेकंद थांबतात आणि विरून जातात. घरातील मुले त्या वेळी कंटाळून पडद्यावर बोटे मारीत असतात. या आरंभीच्या पडद्याला त्या धंद्यात 'स्प्लॅश स्क्रीन' म्हणतात. त्यावर खेळ करणाऱ्यांचे नाव असते, विकणाऱ्यांचे असते, आणि पुष्कळदा असे एक तिसरेच नाव असते, की ज्याने हा खेळ केलेलाही नाही आणि विकलेलाही नाही. ज्या हत्याराने खेळ घडविला त्या हत्याराचा तो मालक. आज आम्हाला या तिसऱ्या नावाचा इतिहास सांगावयाचा आहे. कामगार संघटनेच्या माणसाने मुलांच्या खेळांवर काय म्हणून बोलावे, असे श्रोत्यांपैकी कोणाला वाटेल. परंतु केलेल्या कामावर नाव कोणाचे लागते, कोणाच्या हुकमाने लागते आणि ते काढून घ्यावयाचे तर किंमत किती पडते, हे प्रश्न आमच्या रोजच्या व्यवहारातले आहेत.

नाव लावण्याची सक्ती ही काही आजची गोष्ट नव्हे. आमच्या संघटनेने आजवर जेवढी पत्रके वाटली, त्या प्रत्येकाच्या तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचे नाव असे. ही रीत १८६७ च्या कायद्याने आली. १८५७ चा उठाव होऊन दहा वर्षे झाली होती, आणि छापलेल्या कागदामागे कोणता माणूस आहे हे सरकारला कळावयास हवे होते. मुद्रकाचे नाव हवे, प्रकाशकाचे हवे; खिळे जुळविणाऱ्या जुळाऱ्याचे नाव मात्र कायद्याने कधी मागितले नाही. याच्या उलट, कामगारांनी स्वतः होऊन लावलेला शिक्काही इतिहासात आहे. अमेरिकेतील चिरूट कामगारांच्या संघाने १८८० मध्ये आपली निळी पट्टी काढली. ती ज्या खोक्यावर असेल तो माल संघाच्या सभासदांनी केलेला. (या पट्टीच्या आधी सॅन फ्रान्सिस्कोत जी पांढरी पट्टी निघाली ती चिनी मजुरांच्या विरुद्ध होती, हेही येथेच सांगून टाकतो. आपल्या चळवळीचा इतिहास धुऊन पुसून सांगण्यात अर्थ नाही.)

आता खेळांकडे वळू. १९७० च्या दशकात अमेरिकेतील अटारी कंपनी दूरदर्शन संचाला जोडावयाची खेळयंत्रे विकू लागली. खेळ प्लास्टिकच्या डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, भरलेला असे. एक खेळ बहुधा एकच माणूस करी. कल्पना त्याची, चित्रे त्याची, आवाज त्याचे, सूचनांची सारी जुळणी त्याची. डबीवर नाव मात्र एकट्या अटारीचे. १९७९ मध्ये कंपनीच्या विक्रीचे आकडे दाखविणारा एक कागद या कारागिरांच्या हाती आला. त्यांपैकी डेव्हिड क्रेन आणि त्याच्या तीन सोबत्यांनी हिशेब मांडला, तेव्हा कंपनीच्या खेळविक्रीचा अर्ध्याहून मोठा वाटा आपल्या चौघांच्या खेळांचा आहे असे त्यांना दिसले. ते कंपनीचे प्रमुख रे कसार यांच्याकडे गेले. क्रेन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, कार्ट्रिज जुळविणाऱ्या कारखान्यातील माणसाहून तुम्ही काही अधिक महत्त्वाचे नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. हा किस्सा सांगताना ऐकणारे नेहमी कारागिरांच्या बाजूने हळहळतात. आम्हाला त्यात त्या जुळणी करणाऱ्या माणसाचा अपमान आधी दिसतो. त्याला मोजमापाची तळची खूण म्हणून वापरले आणि त्याचे नाव तर या किश्शातही कोणी घेत नाही.

चौघांनी नोकरी सोडली आणि त्याच वर्षी ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी खेळ करून विकणारी ही पहिली स्वतंत्र कंपनी. तिने आपल्या खेळांबरोबर कर्त्याचे नाव छापावयास आरंभ केला.

अटारीतच वॉरन रॉबिनेट नावाचा आणखी एक तरुण होता. वर्षाला सुमारे २२ हजार डॉलर पगारावर त्याने 'ॲडव्हेंचर' हा खेळ एकट्याने केला. नाव लागणार नाही हे त्याला ठाऊक होते. मग त्याने कोणाला न सांगता खेळात एक गुप्त खोली बांधली. काळ्या किल्ल्याच्या भुलभुलैयात पार्श्वभूमीच्याच रंगाचा एक ठिपका आहे. डोळ्यांना तो दिसत नाही, चाचपून सापडतो. तो उचलून एका ठराविक ठिकाणी आणला, की भिंतीतून वाट मिळते आणि आत रंग पालटणाऱ्या अक्षरांत खेळ करणाराचे नाव उभे असते. रॉबिनेट नोकरी सोडून गेला तेव्हा वरिष्ठांना याची दाद नव्हती. १९८० मध्ये एका मुलाला ती खोली सापडली आणि त्याने अटारीला पत्र लिहून कळविले. तोवर डब्या घरोघर पोचल्या होत्या. कंपनीने शेवटी त्यातच गंमत मानावयाचे ठरविले, आणि अशा लपविलेल्या गोष्टींना 'ईस्टर एग' हे नाव तेव्हापासून मिळाले. आज ईस्टर एग म्हणजे केवळ करमणूक समजली जाते. मूळ प्रकार मात्र नाव नाकारलेल्या नोकराने मालकाच्या भिंतीआड कोरलेल्या सहीचा होता.

कारागीर नाव लपवून लावीत होता, त्यानंतर थोड्याच वर्षांत कंपन्या नाव सक्तीने लावू लागल्या. जपानच्या निन्तेन्दो कंपनीने १९८९ मध्ये 'गेम बॉय' हे हातात धरावयाचे खेळयंत्र आणले. ते चालू करताच कंपनीचे नाव वरून खाली सरकत येते. हे चिन्ह यंत्र कार्ट्रिजमधून वाचते, आपल्याजवळच्या नमुन्याशी ताडून पाहते, आणि एका ठिपक्याचाही फरक असला तर यंत्र तेथेच थांबते. हेतू उघड होता. परवान्यावाचून खेळ करावा तर चिन्हाची नक्कल करावी लागणार, आणि नक्कल केली की व्यापारी चिन्हाच्या कायद्याखाली माणूस सापडणार. नावाची पाटी येथे कुलूप झाली.

हेच कुलूप सेगा कंपनीने आपल्या 'जेनेसिस' यंत्राच्या पुढच्या आवृत्तीत बसविले. कार्ट्रिजमध्ये ठराविक जागी सेगा ही चार अक्षरे असली तरच खेळ चाले, आणि मग पडद्यावर हा खेळ सेगाने किंवा सेगाच्या परवान्याने तयार केला आहे असे वाक्य येई. कॅलिफोर्नियातील ॲकोलेड कंपनीने यंत्र उलगडून पाहिले, ती अक्षरे शोधली आणि आपल्या खेळात घातली. सेगाने दावा लावला. खालच्या कोर्टाने सेगाच्या बाजूने मनाई हुकूम दिला. १९९२ मध्ये वरच्या अपील कोर्टाने तो फिरविला. या निकालातील एक आकडा आमच्या कायमचा लक्षात राहिला आहे. पाच ते पंधरा लाख बाइटांच्या खेळात या किल्लीचा भाग होता अवघा २० ते २५ बाइटांचा. आणि पडद्यावरील खोट्या वाक्याबद्दल कोर्टाने म्हटले, की ते दाखविल्यावाचून यंत्र चालूच द्यावयाचे नाही अशी रचना सेगाची, तेव्हा गिऱ्हाइकाच्या फसगतीचा दोषही मुख्यतः सेगाचाच. दुसऱ्याच्या तोंडून जबरीने वदवून घ्यावयाचे आणि मग तू खोटे बोललास म्हणून त्यालाच खेचावयाचे, हा न्याय त्या कोर्टाला मानवला नाही.

ही झाली यंत्रांच्या मालकांची गोष्ट. इंजिनांची गोष्ट निराळी आहे. पूर्वी प्रत्येक खेळ पायापासून लिहिला जाई. खेळ मोठे होत गेले तसे लक्षात आले, की चेंडू भिंतीवर आपटून कसा उसळावा, सावली कोठे पडावी, पावलांचा आवाज केव्हा यावा, हे प्रत्येकाने नव्याने लिहिण्यात हशील नाही. हा सामायिक भाग वेगळा काढून त्याला इंजिन म्हणू लागले आणि ते परवान्यावर मिळू लागले. आमच्या डोळ्यांसमोर कारखान्यातील लेथ येतो. लेथवर उतरलेल्या प्रत्येक बोल्टावर लेथ बनविणाऱ्याचे नाव कोरलेले आम्ही कधी पाहिले नाही. पण एक फरक प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. लेथ कारखान्यातच राहतो. इंजिनाचा काही भाग मात्र प्रत्येक खेळाबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी जातो. इंजिनवाल्याचा नावावरील हक्क या फरकावर उभा आहे.

युनिटी हे इंजिन २००५ मध्ये कोपनहेगनमधील तीन तरुणांनी बाजारात आणले. २००९ च्या ऑक्टोबरात कंपनीने आपली २०० डॉलरांची छोटी आवृत्ती फुकट केली. व्यावसायिक आवृत्तीची किंमत सुमारे १,५०० डॉलर होती. खोलीत बसून एकट्याने खेळ करणाऱ्या हजारो मुलामुलींना त्यामुळे हत्यार मिळाले, आणि याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. फुकट घेणाऱ्यांवर अट होती: खेळाच्या आरंभी युनिटीचे चिन्ह दिसलेच पाहिजे. पैसे भरणाऱ्यास ते काढण्याची मुभा होती. करारपत्रे कलमाकलमाने वाचण्याची सवय आम्हाला मालकांशी वाटाघाटी करताना लागली. या कराराकडे त्या सवयीने पाहिले, तर परिणाम काय होणार हे पहिल्याच दिवशी सांगता आले असते. गरिबाच्या खेळावर पाटी सक्तीची आणि श्रीमंताच्या खेळावर ऐच्छिक. 'हार्थस्टोन' (२०१४), 'पोकेमॉन गो' (२०१६), 'कपहेड' (२०१७) हे गाजलेले खेळ युनिटीवरच झालेले. पण ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांना ते जाहीर करावयाची गरज नव्हती. चिन्ह हमखास दिसे ते नवशिक्यांच्या, अर्ध्याकच्च्या आणि कधी सरळ उचलेगिरीच्या खेळांवर. पाहता पाहता ते चिन्ह म्हणजे हलक्या मालाची खूण, अशी खेळणाऱ्यांची समजूत झाली. आपल्या नावाची जाहिरात व्हावी म्हणून घातलेल्या अटीने कंपनीने स्वतःचेच नाव उतरविले, आणि ज्याला पाटी काढणे परवडत नव्हते त्याचा खेळ उघडण्याआधीच पडू लागला.

अट सुटली ती भांडणातून. १२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटीने जाहीर केले, की पुढील जानेवारीपासून उत्पन्न आणि प्रतींची ठराविक मर्यादा ओलांडलेल्या खेळाची प्रत्येक नवी प्रत कोणाच्याही यंत्रावर बसली, की तिच्यामागे २० सेंटपर्यंत आकार द्यावा लागेल. जुने, आधीच विकले जात असलेले खेळही त्यात आले. चालू करारात मधेच नवे कलम घुसडण्याचा हा प्रकार होता. खेळ करणारे खवळले. कित्येक मोबाइल खेळ कंपन्यांनी आपल्या खेळांतून युनिटीमार्फत येणाऱ्या जाहिराती बंद केल्या, म्हणजे कंपनीच्या उत्पन्नाच्या नळावरच हात ठेवला. कोणी काहीही म्हणो, आमच्या भाषेत याला काम बंद म्हणतात. दहा दिवसांत, २२ सप्टेंबरला, कंपनीने माघारीचे पत्र काढले. फुकट आवृत्तीवरचा आकार रद्द, तिची उत्पन्नमर्यादा एक लाखावरून दोन लाख डॉलर, आणि त्याच पत्रात पुढच्या आवृत्तीपासून चिन्हाची सक्तीही रद्द. तडजोडीच्या टेबलावर मालक आधी कोणती वस्तू पुढे सरकवितो हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. जी सोडताना पदरचे फारसे जात नाही ती. चौदा वर्षे जे कलम अपरिहार्य म्हणून चालले, ते एका पत्राच्या दोन ओळींत गेले. ऑक्टोबरात कंपनीचे प्रमुख जॉन रिचिटिएलो पायउतार झाले. १२ सप्टेंबर २०२४ रोजी, बरोबर वर्षाने, तो आकारच सर्वांना रद्द झाला. आणि १७ ऑक्टोबर २०२४ ला आलेल्या युनिटी ६ मध्ये चिन्ह ठेवावे की नाही हे खेळ करणाऱ्याच्या मर्जीवर आले.

सगळ्यांनी ही सक्ती केली होती असे नव्हे. एपिक कंपनीचे अनरिअल इंजिन २०१५ पासून फुकट मिळते. मोठ्या उत्पन्नातून मात्र ते टक्केवारी घेते. त्याच्या करारात श्रेयनामावलीत सूचना देण्याची अट असते, पण चिन्ह आरंभी झळकवावयाचे तर उलट वेगळी परवानगी घ्यावी लागते. आपल्या पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला 'राजी' हा खेळ याच इंजिनावर झाला. अर्जेंटिनातील दोघांनी आरंभिलेले गोडो हे इंजिन २०१४ मध्ये सर्वांना खुले झाले. त्याचा परवाना एवढेच मागतो, की परवान्याचा मजकूर कोठेतरी सोबत असू द्या. आरंभीचे चित्र हवे ते लावा.

येथवर पाटीचे भांडण कंपनी आणि कंपनी यांच्यात, किंवा कंपनी आणि छोटा कारागीर यांच्यात चालले होते. मोठ्या खेळावर आज शेकडो माणसे राबतात, आणि त्यांची नावे खेळ संपल्यावर सरकणाऱ्या लांब यादीत येतात, जी पाहावयास बहुधा कोणी थांबत नाही. त्या यादीतही जागा मिळेलच असे नाही. २०११ मध्ये 'एल. ए. नॉयर' नावाचा, ऑस्ट्रेलियात सिडनी येथे कित्येक वर्षे खपून केलेला खेळ बाहेर पडला. प्रकाशकाचे चिन्ह आरंभी झळकत होते. परंतु काम पुरे होण्याआधी सोडून गेलेल्या किंवा काढलेल्या अनेकांची नावे शेवटच्या यादीत नव्हती, आणि काहींची चुकीच्या कामापुढे होती. तेव्हा त्या कामगारांनी आपली वेगळी यादी करून ती लोकांसमोर ठेवली. तिच्यात शंभराहून अधिक नावे निघाली.