जोगळटेंभीचा नाणेसाठा

जोगळटेंभीचा नाणेसाठा : नाशिक जिल्ह्यात १९०६ साली सापडलेला चांदीच्या नाण्यांचा साठा. त्यात क्षहरात क्षत्रप नहपानाची १३ हजारांहून अधिक नाणी होती. त्यांपैकी ९ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला आहे.

नहपानाचे नाणे लहानसे, वजनाला दोन ग्रॅमच्या आसपास. दर्शनी बाजूस उजवीकडे पाहणारा चेहरा, केसांभोवती पट्टी आणि कडेने ग्रीक अक्षरे. लिपी ग्रीक असली तरी भाषा प्राकृत आहे. त्यात राजाचे, कुळाचे नाव येते. मागे बाण व वज्र, आणि तोच मजकूर ब्राह्मी व खरोष्ठीत. चेहरे मात्र एकसारखे नाहीत. कुठे कोवळा तरुण, कुठे गाल बसलेला म्हातारा. त्यावरून ही एकाच घराण्यातील अनेकांची चित्रे असावीत, असाही तर्क झाला. परंतु नाव सर्वत्र नहपानाचेच असल्याने हा फरक ठसे कोरणाऱ्या वेगवेगळ्या हातांचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

राजमुख नाण्यावर उमटवण्याची रीत इकडे इंडो-ग्रीकांनी आणली. रोममध्ये हयात शासकाचा चेहरा इ. स. पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरपासून नाण्यांवर येऊ लागला. पुढे ऑगस्टस व टायबेरियस यांची चांदीची नाणी व्यापाराबरोबर भारतात पोचली. भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी स्थानिक चलनात बदलून नफा मिळे, असे ‘पेरिप्लस’ हा पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथ सांगतो. त्यातला ‘नंबानुस’ म्हणजे नहपानच, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

गौतमीपुत्राने ही नाणी वितळवली नाहीत. राजमुखावर कमानींची टेकडी व स्वतःचे नाव, तर मागे उज्जयिनी चिन्ह उमटवले. कित्येक नाण्यांत टेकडीच्या कडेने नहपानाचे नाक, हनुवटी अजून दिसते. त्याने क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचे त्याची आई गौतमी बलश्री हिने नाशिकच्या लेणे क्र. ३ मधील लेखात कोरवले आहे; पण तो लेख वाचायला लेण्यापर्यंत चढून जावे लागे. नाणे बाजारात हातोहात फिरे.

पुढे सातवाहनांनीही चांदीवर स्वतःचे मुख उमटवले. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या अशा नाण्यांवर एका बाजूस प्राकृत, तर दुसऱ्या बाजूस द्राविडी वळणाची भाषा आहे. यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सोपाऱ्याच्या स्तूपात मिळाले.